माथेरानचे बार हाउस : वारसा-हॉटेल आणि जीर्णोद्धाराचा अर्थ

१

उल्हास नदीच्या खोऱ्यात, बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान, चामटोली हे गाव वसलेले आहे. या परिसरातून दक्षिणेकडे पाहिले असता चंदेरीचा सुळका दिसतो, आणि त्याच रांगेत पुढे माथेरानचे पठार पसरलेले आहे. उत्तरेस अंबरनाथचे शिवालय आहे. या देवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून तो शिलाहार राजा मम्वाणि याच्या काळातील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी या मंदिराची रेखाटने व साचे तयार केले, आणि तेव्हापासून अभ्यासकांच्या दृष्टीने ते सर्वमान्य प्राचीन स्मारक ठरले आहे.

चामटोलीच्या एका बाजूस असे हे नऊशे वर्षांहून जुने देवालय आणि दुसऱ्या बाजूस जेमतेम पावणेदोनशे वर्षांच्या बंगल्यांचे गिरिस्थान. दोहोंनाही आज ‘वारसा’ हा एकच शब्द लावला जातो. परंतु देवालयाचे रक्षण आणि बंगल्याचे रक्षण या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. देवालयातील पूजा अखंड चालू आहे. त्याचा उपयोग बदललेला नाही. बंगल्याचा धनी गेला, त्याची राहणी गेली, ज्या राज्याचा तो अधिकारी होता ते राज्यही लयास गेले. अशी वास्तू टिकवायची तर तिला नवा उपयोग द्यावा लागतो, आणि माथेरानात हा नवा उपयोग बहुधा हॉटेलच्या रूपाने आला. तेथील बार हाउस या बंगल्याचे उदाहरण घेऊन, अशा रूपांतरात काय जतन होते आणि काय नाहीसे होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

माथेरानचा इतिहास सामान्यतः मे १८५० पासून सांगितला जातो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम त्या वेळी डोंगराच्या पायथ्याशी चौक येथे होता. तेथून ते वर चढले, पठार पाहून प्रसन्न झाले आणि रामबागेच्या वाटेने उतरले. त्यानंतर लवकरच त्यांनी पठारावर घर बांधले. ‘बाइक’ या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि आज त्याच नावाचे वारसा-हॉटेल तेथे चालते. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या स्थळास राजाश्रय दिला आणि स्वतःसाठी निवासही बांधविला.

या हकिकतीला ‘शोध’ असे नाव देण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः डोंगर निर्मनुष्य नव्हता. धनगर, ठाकूर आणि कातकरी यांचा तेथे वावर होता. पिसारनाथ हे त्यांचे दैवत होते. माथेरान या नावाची व्युत्पत्ती कोणी ‘माथ्यावरील रान’ अशी करतात, तर कोणी तिचा संबंध ‘माते’शी जोडतात. त्यांपैकी कोणतीही खरी असो, नाव मराठी आहे आणि ते मॅलेट यांच्या आधीचे आहे. पठाराच्या कडांना जी नावे पडली त्यांत हा दुहेरी इतिहास स्पष्ट उमटला आहे. रामबाग, गारबट, चौक ही नावे एका परंपरेची. लुईझा, अलेक्झांडर ही दुसऱ्या परंपरेची. दोन्ही नावे आज एकाच नकाशावर शेजारी नांदतात.

गिरिस्थान म्हणून माथेरानची भरभराट झाली ती मात्र आगगाडीमुळे. १८५४ च्या मे महिन्यात लोहमार्ग कल्याणपर्यंत आला होता. १८५६ मध्ये तो बदलापूर, नेरळ यांवरून खोपोलीच्या रोखाने पुढे गेला. चामटोलीच्या शिवारालगत रूळ पडले आणि मुंबईचा अधिकारी अथवा व्यापारी काही तासांत नेरळला पोचू लागला. नेरळपासून पुढची सुमारे सात मैलांची चढण मात्र तट्टावर, डोलीत किंवा पायीच चढावी लागे. पठारावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक बंगल्याचे लाकूड, लोखंड, काच, भांडी, पलंग हे सारे याच वाटेने, माणसांच्या डोक्यावरून व जनावरांच्या पाठीवरून वर गेले.

अर्धशतक असेच गेल्यावर सर आदमजी पीरभाई यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान अशी २ फूट रुंदीची छोटी रेल्वे बांधविली. १९०४ मध्ये काम सुरू होऊन १९०७ मध्ये ती खुली झाली. सुमारे १६ लक्ष रुपये खर्च झाला. सुमारे २१ किलोमीटरच्या या मार्गावर चढण ठिकठिकाणी वीस फुटांस एक फूट इतकी तीव्र आहे आणि बोगदा एकच आहे. तत्पूर्वी १९०५ मध्ये माथेरानास नगरपालिका मिळाली होती. येथवर येता येता कलेक्टरच्या एका घरापासून आरंभ झालेली वसाहत पारशी, बोहरी, गुजराती व मराठी कुटुंबांचे गाव झाली होती.

३

बार हाउस हे या वसाहतीच्या आरंभीच्या घरांपैकी एक. बार नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, कॅप्टन बारने, ते उन्हाळ्यातील निवास म्हणून बांधले आणि त्याचेच नाव घरास चिकटले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी निमराणा या हॉटेल-समूहाने ते हाती घेऊन ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’, म्हणजे ‘रानातला व्हरांडा’, या नावाने वारसा-हॉटेल म्हणून चालविले. अमन नाथ आणि फ्रान्सिस वाझियार्ग यांनी राजस्थानातील निमराणा येथील पडका किल्ला १९८६ मध्ये घेऊन त्याचे हॉटेल केले होते. जुन्या वास्तूत मोजक्याच खोल्या ठेवून, तिचे जुनेपण हेच आकर्षण मानून पाहुण्यांस बोलावणे, ही पद्धत त्यांनी या देशात रूढ केली. पुढे बार हाउसचे व्यवस्थापन दुसऱ्या समूहाकडे गेले आणि ‘बार हाउस’ हे जुने नाव पुन्हा पाटीवर आले. इमारतीप्रमाणे नावाचेही पुनरुज्जीवन होते, आणि तेही निवड करून होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

बंगला या वास्तुप्रकाराची घडण समजल्याविना पुढील विवेचन कळणार नाही. ‘बंगला’ हा शब्दच मुळी बंगालातील उतरत्या छपराच्या घरावरून आला. मध्यभागी मोठे दालन, दोन्ही अंगांस निजण्याच्या खोल्या, आणि भोवती रुंद व्हरांडा, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. ‘व्हरांडा’ हा शब्द पोर्तुगीजांच्या द्वारे सर्वत्र पसरला. आपल्याकडील ओसरी व पडवी यांचे कार्य तेच : ऊन व पाऊस भिंतीपासून दूर ठेवणे आणि घर व अंगण यांच्यामध्ये बसण्या-बोलण्याची जागा निर्माण करणे. वर्षाकाठी दोनशे इंचांच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या या पठारावर व्हरांडा ही चैन नसून भिंतीचे कवच होते.

या घडणीचा दुसरा भाग फारसा वर्णिला जात नाही. स्वयंपाकघर घरापासून वेगळे, मागील अंगास असे. त्यापलीकडे नोकरांच्या खोल्या व तबेला. निजण्याच्या प्रत्येक खोलीस जोडून न्हाणी असे आणि त्या न्हाणीस बाहेरून उघडणारे एक दार असे. पाणी आणणारा आणि मैला उचलणारा या दाराने येत. त्यांचा पाय घरात पडू नये अशी ही व्यवस्था होती. इंग्रजांची सोय आणि आपल्याकडील अस्पृश्यता यांचा संगम वास्तुरचनेत इतक्या उघडपणे अन्यत्र क्वचितच दिसेल. पुढचा व्हरांडा आणि मागचे दार ही दोन्ही मिळून बंगला पूर्ण होतो.

४

आता जीर्णोद्धाराच्या प्रश्नाकडे वळू. हा शब्द आपल्याकडे देवालयांच्या संदर्भात घडला. ‘अग्निपुराण’ व ‘मयमत’ या ग्रंथांत त्याचा स्वतंत्र विचार आहे. त्यामागील मुख्य कल्पना अशी की, देवतेची उपासना खंडित होऊ नये; त्यासाठी जीर्ण झालेला भाग काढून नवा घालण्यास प्रत्यवाय नाही. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात काशीविश्वेश्वराचे मंदिर नव्याने बांधविले, त्यास आपण जीर्णोद्धारच म्हणतो. तेथे दगड नवे होते, परंतु उपासना जुनी होती.

युरोपात एकोणिसाव्या शतकात याच्या उलट विचार बळावला. जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वास्तुकलेवरील ग्रंथात, जुन्या इमारतीची पुनर्रचना म्हणजे तिचा नाशच होय, अशा आशयाची भूमिका घेतली. त्यांच्या मते कालाने दगडावर उमटविलेली खूण हीच त्या वास्तूची सत्यता. मॅलेट माथेरानावर चढले ते याच्या पुढच्याच वर्षी. पुढे १९६४ मध्ये व्हेनिस येथे संमत झालेल्या सनदेने या विचारास नियमांचे रूप दिले. समाजोपयोगी कारणासाठी वास्तू वापरात आणणे तिच्या रक्षणास साहाय्यभूत होते, मात्र त्यासाठी तिची मांडणी व सजावट बदलू नये, असे त्या सनदेचे पाचवे कलम सांगते. जेथे तर्काचा आरंभ होतो तेथे पुनर्रचना थांबली पाहिजे, असा नववे कलम निर्बंध घालते.

माथेरानच्या बंगल्यांस हे नियम लावू गेले की अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण ‘मूळ’ या शब्दाची. आज माथेरानचा बंगला म्हटला की तांबड्या मंगलोरी कौलांचे छप्पर डोळ्यांसमोर येते. परंतु बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्यापूर्वी, म्हणजे १८५० नंतरच्या दशकात उभारलेल्या कोणत्याही घरावर ती कौले असणे शक्य नाही. मग जीर्णोद्धार कोणत्या काळापर्यंत मागे न्यावा? गवताने शाकारलेल्या पहिल्या छपरापर्यंत, की कौलांच्या दुसऱ्या पिढीपर्यंत? व्यवहारात दुसरा पर्याय स्वीकारला जातो आणि तो अयोग्य आहे असे नाही. मात्र तो एक निवडलेला थर आहे, आरंभबिंदू नव्हे, याची नोंद राहावयास हवी.

दुसरी अडचण द्रव्यांची. पठाराचा माथा जांभ्याचा आहे आणि खाली काळा बसाल्ट आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात ओल घेतो आणि उन्हाळ्यात ती सोडतो. चुन्याचा गिलावा या श्वासोच्छ्वासास अडथळा करीत नाही. सिमेंटचा गिलावा मात्र ओल आत कोंडतो. ती भिंतीतून वर चढते, क्षार बाहेर काढते आणि तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजविते. ही टोके कुजली की छप्पर खचते. म्हणून असल्या दुरुस्तीत जुना चुना राखणे हा रसिकतेचा भाग नसून संरचनेच्या सुरक्षिततेचा भाग आहे. शिवाय मोटार वाहनांस दस्तुरी नाक्यापलीकडे बंदी असल्यामुळे आजही वाळू, चुना, कौले घोड्यांवर व डोक्यावर न्यावी लागली आहेत. सामानाच्या वाहतुकीचा हा भार नव्या, अवजड बांधकामास आवर घालणाऱ्या कारणांपैकी एक होय.

तिसरी अडचण उपयोगाची. भारत सरकारच्या पर्यटन खात्याच्या वर्गवारीत वारसा-हॉटेल म्हणून मान्यता मिळण्यास इमारत १९५० पूर्वीची असावी लागते आणि तिचे बाह्य रूप व वैशिष्ट्ये कायम असावी लागतात. येथे भर दर्शनी रूपावर आहे. परंतु आजच्या पाहुण्यास नळाचे पाणी, शौचकूप, वीज ही सर्व हवीच. ती आली की न्हाणीचे बाहेरचे दार निरुपयोगी होते आणि सहसा बुजविले जाते. नोकरांच्या खोल्या पाहुण्यांच्या खोल्या होतात. व्हरांड्याचे खांब जपून राखले जातात, वेताच्या खुर्च्या शोधून आणल्या जातात; पण घराचा मागचा अर्धा भाग हळूहळू पुसला जातो. ही कोणाची लबाडी नव्हे. वापराचा तो स्वाभाविक परिणाम आहे, आणि अस्पृश्यतेचे दार बंद झाले याचा खेद करण्याचे कारणही नाही. प्रश्न एवढाच की, ते दार होते ही गोष्ट तरी कोठे नमूद राहणार की नाही?

वापर नाकारणे हा या अडचणींवरील उपाय नव्हे, हे मुंबईच्या वॉटसन हॉटेलच्या उदाहरणावरून पटेल. इंग्लंडात ओतलेल्या बिडाच्या सांगाड्यावर १८६० नंतरच्या दशकात उभारलेली ही इमारत अभियांत्रिकीच्या इतिहासात अपूर्व मानली जाते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे हिंदुस्थानातील पहिले प्रदर्शन तेथेच झाले. विसाव्या शतकात हॉटेल बंद होऊन ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने तिच्यात कचेऱ्या व बिऱ्हाडे आली. निगा राहिली नाही. २००५ मध्ये तिच्या सज्जाचा भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. कीर्ती अपार, परंतु जबाबदारीने सांभाळणारा नित्य वापर नाही, अशा स्थितीत लोखंडाची इमारतही टिकली नाही. तिच्या तुलनेत माथेरानचे लहानसे घर हॉटेल झाले म्हणून उभे राहिले, हे मान्य केलेच पाहिजे.

५

तथापि वास्तू उभी राहिली म्हणजे इतिहास जतन झाला असे होत नाही. गिरिस्थानांतील वारसा-हॉटेलांच्या माहितीपत्रकांत कॅप्टन, कलेक्टर व गव्हर्नर यांची नावे बहुधा येतात. वाट चढून सामान आणणारा येत नाही. याचे कारण केवळ अनास्था नव्हे. साहेबाचे नाव घराच्या पाटीवर आहे, दप्तरात आहे. हमालाचे नाव कोठेच नाही. ज्याची लेखी खूण राहिली त्याचाच इतिहास, हा नियम वारसा-हॉटेल नकळत पाळते. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ मध्ये माथेरानवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच डोंगरावरील लोक, वनस्पती व प्राणी या तिहींचा निर्देश केला. लोक प्रथम आले खरे, पण एका निसर्गवर्णनाचे अंग म्हणून आले.

या लोकांमधूनच पुढे एक असा पुरुष निघाला की ज्याच्याविना माथेरानचा इतिहास अपुरा राहील. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानातच एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. कर्जत भागातील शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या व मुलांसाठी शाळा चालविल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता संघटित करून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या वाहिनीचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले.

गिरिस्थानातील सेवा-व्यवसाय करणाऱ्या घरात जन्मलेला हा मुलगा. नाभिक, पाणक्या, हमाल, घोडेवाला यांचे गाव बंगल्यांच्या मागील अंगास होते, आणि त्या गावातून राज्याला आव्हान देणारा दस्ता उभा राहिला. बंगल्याच्या पुढच्या व्हरांड्यात बसून माथेरानचा इतिहास लिहिला तर तो १८५० मध्ये सुरू होऊन १९४७ मध्ये संपतो. मागच्या दाराने लिहिला तर त्याचा आरंभ त्याआधीचा आहे आणि शेवट अद्याप झालेला नाही.

शेवट झालेला नाही याचे प्रत्यंतर अलीकडे आले. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व सभोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्यामुळे रान व मातीचे रस्ते यांस संरक्षण मिळाले आणि मोटारबंदी अधिक दृढ झाली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत वाहून गेलेला छोट्या रेल्वेचा मार्ग दुरुस्त होऊन २००७ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. परंतु मोटार नाही म्हणून जी शांतता पाहुण्यास लाभे, तिचा भार माणसाच्या खांद्यावर होता. माणसाने माणसास ओढून नेण्याची हातरिक्षा माथेरानात एकविसाव्या शतकातही चालू राहिली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या रिक्षा ओढणाऱ्यांना विजेवरील रिक्षा देण्याचा आदेश दिला. गिरिस्थानाचे जुने रूप राखणे आणि त्या रूपामागील कष्ट संपविणे, या दोन इष्ट गोष्टी एकमेकींच्या विरोधात कशा उभ्या राहू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

६

आतापर्यंतच्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. वारसा-हॉटेल ही जुन्या बंगल्याच्या रक्षणाची व्यवहार्य पद्धत आहे. वापराविना वास्तू टिकत नाही हे वॉटसनच्या उदाहरणाने दाखविले आहे. परंतु हॉटेल हे पाहुण्यासाठी असल्यामुळे त्याचे लक्ष साहजिकच पाहुण्याच्या बाजूवर, म्हणजे पुढच्या व्हरांड्यावर राहते. त्याने राखलेल्या रूपालाच संपूर्ण इतिहास समजणे ही चूक अभ्यासकांनी करता कामा नये. देवालयाच्या जीर्णोद्धारात उपासना अखंड राहते, म्हणून दगड बदलले तरी चालते. बंगल्याच्या बाबतीत राहणीच खंडित झालेली असते. तेथे उपासनेची जागा स्मृतीने घ्यावी लागते. ती स्मृती अर्धीच ठेवली तर जीर्णोद्धारही अर्धाच राहतो.

यातून अभ्यासकांपुढे एक निकडीचे काम उभे राहते. बंगल्यांचे आराखडे काढताना मागील खोल्या, तबेले, न्हाणीची दारे, पाण्याच्या वाटा यांची मोजमापे घेतली पाहिजेत. बुजविलेली दारे भिंतीच्या सांध्यावरून ओळखता येतात. नगरपालिकेचे ठराव व भाडेपट्टे यांतून घरांची व त्यांत राबणाऱ्यांचीही माहिती वेचता येईल. आणि मुख्य म्हणजे, हातरिक्षा ओढण्यात ज्यांचे आयुष्य गेले, ज्यांच्या घराण्यांनी घोडे हाकले, ज्यांच्या आजोबांनी नेरळच्या वाटेने पलंग व पेट्या वाहिल्या, त्यांच्या तोंडून ही हकिकत लिहून घेतली पाहिजे. दगडाचा साक्षीदार आणखी शतकभर थांबेल. हे साक्षीदार थांबणार नाहीत.

अंबरनाथच्या देवालयाचे साचे घेण्यासाठी कलाशाळेचे विद्यार्थी गेले, तेव्हा त्या मंदिराच्या दगडांविषयी जितकी आस्था दाखविली गेली, तितकी चामटोलीच्या दक्षिणेकडील डोंगरावर चढणाऱ्या पायवाटेविषयी दाखविली जावी, एवढीच अपेक्षा आहे. त्या वाटेवरून गेलेल्या ओझ्यांतूनच बार हाउस उभे राहिले.